ब्रिस्टल रेनेसाँ फेअरमधला उन्हाळी दिवस: तयारीपासून परतीपर्यंत

ऑगस्ट १५७४ मध्ये इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ ब्रिस्टल बंदरात आठवडाभर मुक्कामाला होती. शहराने तिच्या स्वागताला लुटुपुटीचे किल्ले उभारले, लढाईचा देखावा मांडला आणि त्यासाठीची काव्यमय भाषणं टॉमस चर्चयार्ड या कवीने लिहिली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात केनोशाजवळ भरणारा ब्रिस्टल रेनेसाँ फेअर, म्हणजे त्या जुन्या काळाचे वेश आणि खेळ असलेला मेळा, दर उन्हाळ्यात हीच भेट पुन्हा उभी करतो. जुलैच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, म्हणजे लेबर डेपर्यंत, शनिवार-रविवारी तिथे वर्ष १५७४ असतं. राणी येते, तिचे सरदार येतात, कोळणी आणि भिकारी वाटेत अडवतात, घोडेस्वार भाले घेऊन एकमेकांवर धावून जातात.

शिकागो आणि मिलवॉकीच्या परिसरात मराठी घरं पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते आणि डाउनटाऊन, तळं, मॉल एवढं झालं की पुढे काय हा प्रश्न पडतो. त्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. अमेरिकेत दुसरीकडे राहत असाल तरी यातलं बरंचसं तुमच्या जवळच्या मेळ्याला लागू पडेल. मेरीलँड, मिनेसोटा, टेक्सस, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, सगळीकडे असे मेळे आहेत. फक्त हंगाम वेगळा असतो.

या प्रथेची सुरुवात १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला झाली. फिलिस पॅटर्सन या शिक्षिका घराच्या अंगणात मुलांची नाटकं बसवत. त्यांनी आणि त्यांचे पती रॉन यांनी केपीएफके या श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी मे महिन्यात दोन दिवसांचा मेळा भरवला. तिथून ही कल्पना देशभर पसरली. ब्रिस्टलचा मेळा १९७२ मध्ये ‘किंग रिचर्ड्स फेअर’ या नावाने सुरू झाला आणि १९८८ पासून आजच्या नावाने भरतो. पेन आणि टेलर ही पुढे जगभर गाजलेली जादूगारांची जोडी पहिल्यांदा एकत्र उभी राहिली ती १९७५ मध्ये मिनेसोटाच्या अशाच मेळ्यात. तेव्हा रस्त्याकडेच्या छोट्या मंचासमोरून जाताना घाई करू नका. इथे उमेदवारी करणारे कलावंत खरोखर तयारीचे असतात.

आधी मनाची तयारी

इथे येणारे बरेच जण प्रेक्षक म्हणून फिरतात. वेळापत्रक हातात धरून एका मंचावरून दुसऱ्या मंचाकडे धावतात आणि संध्याकाळी थकून म्हणतात, ‘छान होतं, पण महाग होतं.’ त्यांच्या हाती अर्धाच दिवस लागलेला असतो. मेळ्यातले पगारी नट मंचावर असतात त्यापेक्षा जास्त वेळ वाटेवर असतात. ते तुमच्याशी बोलतात, तुम्हाला खेळात ओढतात आणि दिवसभर आपली भूमिका सोडत नाहीत. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात यायचा, घरमालकही मुद्दाम ‘वॉरंट दाखवा’ म्हणायचा आणि मग खेळ रंगायचा. इथेही तसंच आहे. समोरच्याने टाकलेला शब्द उचलायचा. तुम्ही लाजून पुढे गेलात तर तोही तुम्हाला नमस्कार करून सोडून देतो.

म्हणून माझा सल्ला असा: दिवसभरात तीनच कार्यक्रम पक्के करा. भाल्यांचा सामना, एक विनोदी खेळ आणि एक संगीताचा. बाकी वेळ मोकळा ठेवा.

तारीख आणि तिकीट

हंगामाचा शेवट जवळ आला की, विशेषतः लेबर डेच्या सुट्टीला, गर्दी वाढते. जुलैत गर्दी त्या मानाने कमी, पण दमट उकाडा जास्त. आई-बाबा बरोबर असतील तर मी ऑगस्टच्या शेवटाकडचा एखादा रविवार निवडेन. गर्दी सोसते, ऊन सोसत नाही. दर आठवड्याचा विषयही वेगळा असतो, त्यामुळे संकेतस्थळावर तो पाहून घ्या. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. काही मेळ्यांत ते ठरावीक तारखेपुरतंच चालतं, म्हणून हवामानाचा अंदाज पाहून तिकीट घेतलेलं बरं.

त्याच वेळी नियमांचं पान वाचून टाका. बाहेरचं खाणं बहुतेक मेळ्यांत आत नेता येत नाही. पाण्याच्या बाटलीचा नियम जागोजागी वेगळा आहे. तान्ह्या बाळाचं खाणं, मधुमेहाच्या माणसाचं पथ्य किंवा औषधं यांसाठी सवलत लागणार असेल तर आधी लिहून विचारा, म्हणजे फाटकावर वाद होत नाही.

कपडे

वेश सक्तीचा नाही. टी-शर्टमध्येही लोक येतात. पण वेश केला की नट तुमच्याशी वेगळ्या तऱ्हेने बोलू लागतात, म्हणून थोडी तरी खटपट करा.

सगळ्यात महत्त्वाचं आहे ते कापड. हॅलोवीनच्या दुकानातला चकचकीत पॉलिएस्टरचा झगा उन्हात तासाभरात अंगाला चिकटतो. लिनन किंवा सुती कापड घ्या. पुरुषांना सैल पांढरा सदरा, गुडघ्याखालपर्यंतची ढगळ विजार आणि कमरेला रुंद पट्टा एवढं पुरतं. बायकांना सैल सुती आतला झगा, त्यावर लेसने आवळायची चोळी आणि घेरदार परकर. चोळी पहिल्याच दिवशी घट्ट आवळू नका. दमट हवेत श्वास अपुरा पडतो आणि चक्कर येते ती बहुतेकदा यामुळेच. विकत घेण्याआधी एकदा अंदाज घ्यायचा असेल तर मेळ्यात भाड्याने कपडे देणारं दुकान असतं का ते पाहा. अशा दुकानात सकाळी लवकर जावं, मापाचे कपडे लवकर संपतात.

आणखी एक गंमत ठाऊक असू द्या. १५ जून १५७४ रोजी, म्हणजे ब्रिस्टलच्या भेटीआधी दोनच महिने, एलिझाबेथने पोशाखाबद्दल जाहीरनामा काढला होता. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणतं कापड वापरावं हे त्यात ठरवून दिलं होतं आणि जांभळं रेशीम राजघराण्यासाठी राखलं होतं. त्याआधी १५७१ च्या कायद्याने सहा वर्षांवरच्या सामान्य लोकांना रविवारी आणि सणाच्या दिवशी लोकरी टोपी सक्तीची केली होती, कारण टोप्या विणणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. तुम्ही मात्र रुंद काठाची गवताची टोपी घाला. शेतकऱ्यांच्या डोक्यावर तीही असे. आणि जांभळं नेसून गेलात तर राणीच्या माणसाने अडवल्यास काय सांगायचं ते तयार ठेवा.

आपले कपडे चालतील का, असं अनेक जण विचारतात. चालतात, आणि माझ्या मते सगळ्यात सोयीचेही तेच. सुती नऊवारीत चालता येतं, लाकडी ओंडक्यावर बसता येतं, वारा लागतो. पुरुषांना सुती अंगरखा, धोतर आणि मुंडासं शोभतं. त्याला इतिहासाचा आधारही आहे. १५७४ मध्ये आपल्याकडे संत एकनाथांचा काळ होता, अहमदनगरच्या निजामशाहीने त्याच वर्षी वऱ्हाड जिंकून घेतलं, आणि चौल व गोवा ही बंदरं पोर्तुगीज गलबतांनी गजबजलेली होती. काळी मिरी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून लिस्बनला जाई आणि तिथून उत्तरेकडच्या बाजारांत. तेव्हा कुणी दर्यावर्दी विचारील, ‘कुठून आलात?’ त्याला सांगा, ‘चौलहून, मिरी घेऊन, लिस्बनमार्गे.’ एवढ्यावर पुढचा अर्धा तास रंगू शकतो. शिवाय ब्रिस्टलपासून फार लांब नसलेल्या विल्टशर परगण्यातला, पुढे पाद्री झालेला टॉमस स्टीफन्स त्या वर्षी पंचविशीच्या आसपास होता. तो १५७९ मध्ये गोव्याला पोचला आणि मराठी शिकून ओव्यांत त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १५८३ मध्ये व्यापारी राल्फ फिच आणि त्याचे इंग्रज सोबती गोव्यात कैदेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेला हाच पाद्री धावून गेला. राणीच्या इंग्लंडशी मराठीचं हे नातं मुलांना गाडीत जाता जाता सांगा. मेळ्यात शिरताना त्यांच्याकडे स्वतःची अशी एक गोष्ट असेल.

पायांत बंद आणि आधी वापरलेले बूट हवेत. वाट धुळीची, खडीची, मुळांची असते. कोल्हापुरी चप्पल वेशाला कितीही शोभली तरी दिवसभराच्या चालण्याला नको. तलवार किंवा कट्यार न्यायची असेल तर ती म्यानात पक्की बांधलेली असावी लागते. फाटकावर तपासतात आणि आत ती उपसायची नसते.

बरोबर काय न्यायचं

रोख पैसे पुरेसे न्या, त्यांतही एक आणि पाच डॉलरच्या नोटा भरपूर. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण सगळीकडे नाही, आणि दुपारी एटीएमपुढे मोठी रांग लागते. सनस्क्रीन, डास-गोचिडांसाठी फवारा, ओले रुमाल, पायांच्या फोडांसाठी पट्ट्या, मिठा-साखरेची पावडर. एक जुना सुती पंचा ओला करून मानेभोवती टाकायला न्या, त्याच्याइतकं गार काहीच वाटत नाही. गाडीत कपड्यांचा एक जोड, साध्या चपला आणि पाण्याचा मोठा कॅन ठेवा.

सकाळ

मेळ्याची जागा इलिनॉय-विस्कॉन्सिन सीमेच्या अगदी पलीकडे आहे. शिकागोकडून आंतरराज्य महामार्ग ९४ ने येताना इलिनॉयमध्येच रसेल रोडला उतरावं लागतं. फाटक दहाला उघडतं. साडेदहानंतर या फाट्यावर गाड्या तुंबायला लागतात, म्हणून साडेनऊला गाडी लावलेली असेल असं पाहा. लवकर पोचल्याने आणखी एक गोष्ट मिळते. फाटक उघडण्याआधी नटमंडळी तिथे छोटा प्रवेश करतात आणि सगळ्यांचं स्वागत करतात. मुलांना खेळाची भाषा तिथेच कळते.

आत शिरल्यावर दिवसाचं वेळापत्रक घ्या आणि चार जागा नकाशावर शोधा: पाणी, प्रथमोपचार, स्वच्छतागृह, आणि चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण. मुलांच्या मनगटावर पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. नेटवर्क गर्दीत मंदावतं, त्यामुळे ‘फोन करू’ यावर विसंबू नका.

पहिले दोन तास चालण्याचे. लांबच्या टोकापासून सुरुवात करा, कारण गर्दी फाटकाजवळच रेंगाळते. धनुर्विद्या, कुऱ्हाडफेक, माणसांनी हाताने ढकलायचे झोपाळे हे सगळं याच वेळी उरकावं. दुपारी रांग आणि ऊन दोन्ही वाढतं. कारागिरांशी बोलायलाही हीच वेळ चांगली. काच फुंकणारा, चामड्याचे पट्टे शिवणारा, मातीची भांडी करणारी यांना सकाळी सवड असते आणि कामाबद्दल विचारलं की ते मनापासून सांगतात. खरेदी मात्र संध्याकाळी करा, किंवा सकाळी पैसे देऊन वस्तू तिथेच ठेवता येईल का ते विचारा. घासाघीस करू नये. समोरचा माणूस बहुधा स्वतःच्या हाताने केलेली वस्तू विकत असतो.

दुपार

दिवस इथे सांभाळायचा असतो. जुलैत पारा ९० फॅरनहाइटच्या, म्हणजे ३२ सेल्सियसच्या वर जाऊ शकतो आणि हवा दमट असते. आदल्या संध्याकाळपासूनच पाणी जास्त प्यायला लागा. मेळ्यात तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने थोडं थोडं प्या. बिअर किंवा मीड, म्हणजे मधाची दारू, घ्यायची तर ऊन उतरल्यावर आणि बरोबर पाणी पिऊन. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, गरगरणं ही सुरुवातीची लक्षणं. अशा माणसाला लगेच सावलीत बसवा, चोळी-पट्टा सैल करा, मान आणि काखा ओल्या करा, प्रथमोपचार केंद्राला कळवा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्वचा तापून कोरडी पडली तर थांबू नका, ९११ लावा. साठीपुढच्या माणसांच्या बाबतीत दुपारी एक ते तीन हा वेळ सरळ सावलीतल्या मंचासमोर काढायचा असंच ठरवून टाका. ब्रिस्टलच्या आवारात झाडी चांगली आहे, त्यामुळे सावली शोधावी लागत नाही, फक्त ती आधी धरावी लागते. बाकांना पाठ नसते, म्हणून आई-बाबांना कडेची, झाडाला टेकता येईल अशी जागा द्या.

मध्यपश्चिमेतली वादळं अचानक येतात. वीज कडाडली की कार्यक्रम थांबतात. तंबूखाली किंवा झाडाखाली न थांबता कर्मचारी सांगतील तिकडे किंवा गाडीत जा.

खाणं

धुरावलेली टर्कीची तंगडी हातात घेऊन खाणं ही या मेळ्यांची ओळख झाली आहे. टर्की हा अमेरिकेतला पक्षी. सोळाव्या शतकात तो युरोपात पोचला. मांस खाणाऱ्यांनी एक घेऊन दोघांत वाटून घ्या, ती एकट्याला जड जाते आणि बरीच खारट असते.

शाकाहारी माणसाने उपाशी राहायचं कारण नाही, पण प्रश्न विचारायला लाजू नये. भाजलेली कणसं, बटाट्याचे तळलेले काप, चीज घातलेले तळणीचे पदार्थ, मोठे खारे प्रेत्झेल, काकडीचं लोणचं, फळांचा बर्फ हे साधारणपणे मिळतं. पावाच्या वाडग्यात देतात ते सूप शाकाहारी दिसलं तरी त्यात कोंबडीचा किंवा गाईच्या हाडांचा अर्क असू शकतो, ते विचाराच. तळणीचं तेल मांसाबरोबर एकच आहे का हेही विचारा. कणसावर लोणी लावण्याआधी ‘नुसतं द्या’ म्हटलं आणि पिशवीतली तिखट-मिठाची पुडी काढली की काम झालं. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली ती याच शतकात, त्यामुळे तुमची पुडी काळालाही धरून आहे.

साडेअकराला जेवून घ्या. साडेबाराला प्रत्येक खिडकीपुढे रांग असते.

भाल्यांचा सामना

हा दिवसातून काही वेळा होतो आणि शेवटचा खेळ सहसा सर्वांत जोशाचा असतो. लहान मुलं असतील तर पहिला बघा, कारण शेवटच्यात लढाई जास्त हिंसक रंगवतात. अर्धा तास आधी जाऊन पश्चिमेकडच्या बाजूला बसा, म्हणजे दुपारचं ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत येत नाही. प्रेक्षकांच्या प्रत्येक भागाला एक सरदार वाटून दिलेला असतो. त्याचा रंग पाहा आणि त्याच्या नावाने गळा मोकळा करून ओरडा. ‘हझा!’ ही इथली आरोळी.

घोडे जवळून पाहायला मिळतात, आणि त्या उन्हात लोखंड चढवून बसलेल्या स्वारांची ताकद पाहून मला दर वेळी त्यांच्याबद्दल आदर वाटतो. हा खेळ मूळचा किती जीवघेणा होता हे आठवावं: १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्याची कपची डोळ्यात शिरून मेला. आजचे स्वार सराईत आहेत, तरी घोडा अडखळू शकतो. म्हणून कठड्याबाहेर हात, झेंडे, मुलं काढू नका. धूळ फार उडते. दमा असेल तर पुढची रांग टाळा.

टोपी फिरते तेव्हा

खेळ संपला की कलावंत टोपी किंवा टोपली घेऊन उभे राहतात. अनेकांची मिळकत मुख्यतः याच टोपीतून होते. तिकिटाचे पैसे दिले म्हणून हा हिशेब मिटत नाही. खेळ आवडला तर घरटी पाच डॉलर तरी टाका, अगदी हसवून लोळवलं असेल तर जास्त. नोट मुलांच्या हाती द्या. टोपीपर्यंत जाऊन, डोळ्यांत पाहून, ‘आवडलं’ म्हणून पैसे देण्याची सवय त्यांना लागावी असं मला फार वाटतं. खेळ अर्ध्यात सोडायचा असेल तर मागच्या बाकावर बसा.

चिखलाच्या खेळात पुढच्या रांगेवर चिखल उडतोच. काही खेळांतले विनोद चावट असतात. वेळापत्रकात तशी खूण असते का ते आधी पाहा. आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर ही खूण आधीच तपासलेली बरी.

फोटो काढण्याआधी विचारा. नट आनंदाने उभे राहतात, पण वेश करून आलेले सगळेच नट नसतात. कुणाच्याही कपड्यांना किंवा हत्याराला हात लावू नये. इंग्रजी फारसं न बोलणाऱ्या आई-बाबांनी राणीच्या मिरवणुकीपुढे नुसता नमस्कार केला तरी बहुतेक वेळा राणी थांबते आणि मानेने उत्तर देते.

संध्याकाळ आणि परत

पाचनंतर ऊन उतरतं, गर्दी विरळ होते आणि दुकानदार निवांत होतात. खरेदी आता करा. सातला मेळा बंद होतो. त्याआधी गाणारी मंडळी एकत्र जमून निरोपाची गाणी म्हणतात. शक्य असेल तर त्यासाठी थांबा. सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा पार्किंगमधून निघायला वेळ लागतो, म्हणून घाईने गाडीकडे धावण्यात अर्थ नाही. डिकी उघडून कपडे बदला, कॅनमधलं पाणी प्या, पाय धुवा आणि रांग हलेपर्यंत मुलांना खाऊ द्या. गाडी चालवणाऱ्याने दुपारपासून दारू टाळलेली असावी हे वेगळं सांगायला नको.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत गोचीड आहे का ते तपासा. लिननचे कपडे गार पाण्यात भिजवून धूळ काढा, चामड्याचे बूट ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि विकत घेतलेली मातीची भांडी वापरण्याआधी ती जेवणासाठी आहेत की शोभेची, हे कारागिराने दिलेल्या चिठ्ठीवर पाहून घ्या.